नादखूण

मंगळवारी सकाळी राजमती मगदूम भाजी घेऊन परतत होती. चौकात तिच्या उजव्या गुडघ्यापाशी 'कट्ट' असा आवाज झाला आणि पायाला बांधलेला सांगाडा जागच्या जागी ताठ झाला. तिनं पुढं सरकायचा प्रयत्न केला, पण पाय खांबासारखा उभाच. शेवटी एका दुकानदारानं खुर्ची आणून दिली आणि तिचा नवरा भूपाल रिक्षा घेऊन येईपर्यंत ती पिशवी मांडीवर धरून जयसिंगपूरच्या भर चौकात बसून राहिली.

सहा वर्षांपूर्वी मणक्यातली गाठ काढताना तिच्या कमरेखालची ताकद गेली होती. तेव्हापासून 'चालसाथ' होती म्हणून ती चालत होती. दोन्ही पायांना मांडीपासून घोट्यापर्यंतचा हलका सांगाडा, गुडघ्यापाशी लहानशी मोटर. पाय उचलायचं मनात आलं की मांडीच्या स्नायूत विजेची एक क्षीण लहर उठते. चालसाथ ती लहर ओळखायची आणि उरलेलं काम मोटर करायची. सकाळी सांगाडा चढवला की राजमती रात्रीपर्यंत स्वतःच्या पायावर असायची.

भूपालनं कंपनीला फोन लावला.

"सर, ते मॉडेल बंद झालंय," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "सुटे भागही आता येत नाहीत."

"मग नवीन मॉडेल द्या."

"नवीन मॉडेल पासष्टच्या आतल्यांनाच बसवता येतं, सर. मॅडमचं वय सहासष्ट दिसतंय."

"अहो बाई, ती काल चालत होती!"

"मी आपली तक्रार नोंदवून घेते, सर."

भूपालनं फोन ठेवला आणि सांगाडा परसातल्या शेडमध्ये नेला. कोल्हापूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यानं अडतीस वर्षं टर्नर म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर एक जुना लेथ आणि एक छोटं मिलिंग मशीन घरी आणून बसवलं होतं. गुडघ्याची पेटी उघडायला त्याला दहा मिनिटं लागली. आत रुपयाच्या नाण्याएवढा एक गिअर होता. अठ्ठावीस दाते, त्यातले दोन झिजून सपाट झालेले.

तो गिअर तळहातावर घेऊन भूपाल स्वयंपाकघरात आला. "एवढ्यासाठी तुला बसवून ठेवायला निघालेत बघ," तो म्हणाला. "पंधरा दिवस दे मला."

"तुम्ही केलेला चालेल त्याला?" राजमतीनं विचारलं.

तिचा प्रश्न बरोबर होता.

धातूची कुठलीही वस्तू ठोकली की वाजते. देवळातली घंटा वाजते तसाच साधा खिळाही वाजतो, आपल्या कानाला तो कळत नाही एवढंच. तो नाद वस्तूच्या आकारावर आणि वजनावर ठरतो, आणि तिच्या पोटात धातूचे कण कसे बसलेत यावरही. म्हणून एका पद्धतीनं घडवलेल्या भागांचा नाद एकसारखा येतो आणि दुसऱ्यानं दुसरीकडे घडवलेल्या भागाचा वेगळा. यालाच नादखूण म्हणत. काही वर्षांपूर्वी बनावट ब्रेकमुळे एक बस घाटात कोसळली आणि कायदा झाला : माणसाचा जीव ज्याच्यावर अवलंबून आहे अशा प्रत्येक यंत्राला कान हवा. तांदळाच्या दाण्याएवढा एक संवेदक यंत्रातल्या प्रत्येक भागाचा नाद ऐकत बसायचा आणि नोंदलेल्या नादखुणेशी जुळवून पाहायचा. जुळला नाही तर यंत्र थांबायचं.

कायदा वाईट नव्हता. त्यानं पुष्कळ जीव वाचवले. भूपालनंच तेव्हा पेपर वाचून 'बरं झालं' म्हटलं होतं. पण ज्या यंत्राला त्याच्या कंपनीनं टाकून दिलं, त्याला आता जगात दुसरं कुणीच भाग देऊ शकत नव्हतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

भूपालला मात्र वाटत होतं, माप शंभर टक्के बरोबर निघालं तर नादही बरोबर निघेल.

पहिली अडचण पोलादाची. दुकानात बार घ्यायला गेला तर कारखान्याचा नोंदणी क्रमांक मागितला. मग तो भंगार बाजारात हुसेन मुजावरकडे गेला. दोघांची ओळख तीस वर्षांची.

"घरी काम करणारं गिऱ्हाईक आता तुम्ही एकटंच, अण्णा," मुजावर म्हणाला. "बाकीची पोरं थ्रीडी मशीनवर छापून घेत्यात सगळं."

"ट्रकच्या गिअरबॉक्समधला शाफ्ट आहे काय एखादा? जुना. नादखुणेच्या आधीचा."

मुजावरनं ढिगाऱ्यातून गंजलेला शाफ्ट ओढून काढला. भूपालनं त्याचं टोक ग्राइंडरला लावलं आणि ठिणग्या पाहिल्या. लांब, पिवळ्या, टोकाला थोडं फुटणाऱ्या. पोलाद ओळखायची त्याची हीच रीत होती. "हेच," तो म्हणाला.

पुढचे पंधरा दिवस तो जेवायला आणि राजमतीला उठवायला-बसवायला तेवढा घरात यायचा. शाफ्टचा तुकडा त्यानं लेथवर धरून कातला, मधलं भोक पाडलं, मग मिलिंग मशीनवर एकेक दाता कापला. दर दात्यानंतर तुकडा मोजून तेवढाच फिरवायचा, पुन्हा कापायचा. दोन गिअर बाद झाले. तिसरा भट्टीत लाल करून तेलात बुडवला, परत हलका तापवला, म्हणजे कडक झाला पण ठिसूळ राहिला नाही. मायक्रोमीटरनं मोजला तेव्हा मूळ गिअरपेक्षा तो अचूक निघाला. इतकं चांगलं काम आपल्या हातून गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं, असं त्याला वाटलं.

राजमतीला पलंगाच्या कडेला बसवून त्यानं सांगाडा चढवला. मोटर घुमली, गुडघा अर्धा वाकला आणि लाल दिवा लागला. "अनोळखी भाग," चालसाथमधली बाई बोलली. "कृपया बसून राहा."

"परत बघा की एकदा," राजमती म्हणाली.

भूपालनं पाच वेळा पाहिलं. पाचही वेळा तेच. सहाव्यांदा तो पेटी उघडायला लागला तेव्हा तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "राहू द्या आता," ती म्हणाली आणि मागं उशीला टेकली.

त्यांची मुलगी त्रिशला पुण्यात नादखूण केंद्रात नोकरीला होती. नवे भाग तिथे यायचे, ते वाजवून त्यांचा नाद नोंदवायचा, हे तिचं काम. रविवारी ती घरी आली. सहा वर्षांनी आईला पुन्हा अशी आडवी पाहून ती दारातूनच वळली. सरळ शेडमध्ये गेली, बॅगेतून एक छोटं यंत्र काढलं आणि दोन्ही गिअर त्यावर वाजवून पाहिले. पडद्यावर दोन रेघा उमटल्या, डोंगररांगांसारख्या वरखाली होणाऱ्या.

"अण्णा, तुमचा गिअर फार स्वच्छ वाजतोय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुमचा सलग पोलादाचा आहे, म्हणून घंटेसारखा वाजतो. कंपनीचा धातूची भुकटी साच्यात दाबून भाजलेला आहे. त्याच्या पोटात बारीक बारीक पोकळ्या राहतात, इडलीत असतात तशा. त्यामुळे त्याचा आवाज खालचा येतो आणि लवकर विझतो. बघा, तुमची रेघ सगळीकडं वर आहे."

"माझा जास्त मजबूत आहे की नाही?"

"आहे. पण कानाला मजबुती कळत नाही, अण्णा. त्याला ओळख कळते."

"मग माझा नोंदवून घे तुझ्या केंद्रात."

"एकट्या माणसाचा भाग नोंदवतच नाहीत. प्रयोगशाळा लागते, हजार नगांची चाचणी लागते." ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. आतून राजमतीच्या खोकल्याचा आवाज आला. "मी चहा ठेवते," त्रिशला म्हणाली. यंत्र बंद न करताच ती उठली. दारात थांबली. "अण्णा, मी तुम्हाला काही दाखवलेलं नाही."

"न्हाई."

"आणि काहीही केलंत तरी ते मजबूत राहील ना?"

"राहील की," भूपाल म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं दोन्ही रेघा कागदावर उतरवून घेतल्या. पुण्याला परतताना त्रिशलानं ते छोटं यंत्र शेडमध्येच राहू दिलं.

आवाज खाली आणायचा तर गिअर लवचीक करायला हवा होता. म्हणून त्यानं चौथा गिअर केला आणि दात्यांच्या मुळाखाली सात बारीक भोकं पाडली. आवाज लवकर विझावा म्हणून त्या भोकांत शिसं ओतलं. वाजवून पाहिलं. अजून वर होता. भोकं थोडी मोठी केली. परत शिसं ओतलं, परत वाजवलं. आठवड्याच्या शेवटी त्याची रेघ कंपनीच्या रेघेवर जवळजवळ बसली.

गिअर भिंगाखाली धरल्यावर काय झालंय ते त्याला स्वच्छ दिसलं. सगळा भार दात्याच्या मुळाशी येतो आणि नेमकं तिथंच त्यानं पोलाद पोखरलं होतं. भोक आणि मूळ यांच्यात नखाएवढीही भिंत उरली नव्हती. तडा गेला तर इथूनच जाणार. कारखान्यात एखाद्या पोरानं असा जॉब आणला असता तर त्यानं तो त्याच्यासमोर भंगारात फेकला असता.

त्यानं तो पुसून गुडघ्यात बसवला.

हिरवा दिवा लागला. गुडघा वाकला, सरळ झाला, वाकला. राजमती भिंतीला धरून उठली आणि मग तिनं भिंत सोडली. स्वयंपाकघरापर्यंत गेली, परत आली, परत गेली. त्या दुपारी तिनं ओट्यापाशी उभं राहून पुरणपोळ्या केल्या. कुठला सण नव्हता. "बसून लाटताना हात भरून यायचे," एवढंच ती म्हणाली. भूपालनं दोन खाल्ल्या. तिसरी त्याला जाईना.

"जिना चढू नको हं," तो म्हणाला. "उतार असंल तिथंही नको."

"का?"

"नवा भाग आहे. सवय होऊ दे."

सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर ती सांगाडा काढून ठेवील ही भीती होती. आणि दुसरंही एक कारण होतं, ते त्याला स्वतःशीही कबूल करवत नव्हतं. आपल्या हातून खोटा जॉब बाहेर गेला, हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं. आठ-पंधरा दिवसांनी तो गुपचूप पेटी उघडून भिंगानं गिअर पाहायचा. तडा दिसायचा नाही. हळूहळू त्याला वाटायला लागलं, कदाचित टिकेलही. पाहण्यामधलं अंतर वाढत गेलं.

गावापासून सहा मैलांवर टेकडीवर एक बस्ती होती, जुनं जैन मंदिर. दीडशे पायऱ्या. आजारपणाआधी राजमती दर वर्षी तिथं जायची. त्या वर्षीच्या उत्सवाला तिची नणंद गाडी घेऊन आली. भूपाल सांगलीला डोळे तपासायला गेला होता.

"भाऊ नको म्हणतोय ना पायऱ्या?" नणंदेनं विचारलं.

"सवय होऊ दे म्हणाले होते. चार महिने झाले त्याला," राजमती म्हणाली.

ती दीडशेच्या दीडशे पायऱ्या चढली. वर दर्शन घेतलं, कट्ट्यावर बसून वाऱ्यात पाणी प्यायली. उतरताना गुडघ्यावर येणारा भार चढण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. बाराव्या-तेराव्या पायरीवर दाते तुटले आणि पाय निसटला. नणंदेच्या हातात तिच्या पदराचं टोक तेवढं आलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण डॉक्टर म्हणाले, आता सांगाडा घालता येणार नाही. हा नाही आणि दुसराही नाही.

दुसऱ्या दिवशी त्रिशला मिरजेच्या हॉस्पिटलात पोहोचली. तिनं वडिलांना बाहेरच्या बाकावर नेलं.

"गिअर काय केला होतात, अण्णा?"

त्यानं सांगितलं. भोकं, शिसं, सगळं.

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"व्हय."

"मी तोवर पडदा चालू ठेवून उठले होते. मला माहीत होतं तुम्ही काय करणार." तिनं तोंडावरून हात फिरवला. "आणि हे एवढ्यावर संपत नाही. चालसाथनं पडल्याची खबर कंपनीला पाठवली. तिच्या लेखी तो अस्सल भाग होता. अस्सल भाग, आवाज व्यवस्थित, आणि तरीही तुटला. म्हणजे त्या मॉडेलचे सगळेच गिअर धोक्याचे. आज सकाळी त्यांनी देशातल्या सगळ्या जुन्या चालसाथ बंद केल्या. सहाशे बारा."

भूपालला आधी आकडा कळलाच नाही. "सहाशे बारा काय?"

"माणसं, अण्णा."

त्यातलीच एक मीनाक्षी कोरे, सांगलीजवळच्या एका शाळेतली शिक्षिका. चालसाथ वापरणाऱ्यांच्या फोनवरच्या गटात राजमतीची तिच्याशी ओळख झालेली. तिचा त्याच संध्याकाळी राजमतीला फोन आला. फळ्यावर लिहीत असताना पाय बंद झाले होते, मुलांनी धरून खुर्चीवर बसवलं होतं. 'एका बाईचा गिअर तुटला म्हणे, म्हणून आमचे थांबवलेत,' ती सांगत होती. ती बाई कोण, हे तिला माहीत नव्हतं.

भूपाल डबा घेऊन आत आला तेव्हा राजमती छताकडे पाहत होती.

"माझ्या गुडघ्यातला गिअर कच्चा होता काय हो?"

डबा त्यानं स्टुलावर ठेवला. "होता."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बसवला तेव्हाच ठाऊक होतं."

खोलीत पलीकडच्या पेशंटचा टीव्ही चालू होता.

"सांगितलं असतं तर तू घातला नसतास," तो म्हणाला.

"घातला असता," ती म्हणाली. "कदाचित पायऱ्याही चढले असते. पण मग पडले ते माझं मी पडले असते. आता मला तुम्ही पाडलंत." आवाज चढला नव्हता. "त्या कोरेबाईंना तरी सांगा. आणि कंपनीला सांगा. त्यांचे पाय माझ्यामुळं नकोत अडकायला."

"त्रिशलाची नोकरी जाईल."

"तिला विचारा."

त्रिशलाला विचारायची वेळ आली नाही. भूपालनं त्या रात्री जबाब लिहिला, त्यात मुलीचं नाव कुठंच घातलं नाही. नादाचा आलेख एका जुन्या ओळखीच्याकडून मिळवला असं लिहिलं. त्रिशलानं तो कागद वाचला, ती ओळ खोडली आणि वर आपलं नाव लिहिलं. "आता खोटं नको, अण्णा," ती म्हणाली. तिनं सही केली, मग त्यानं केली.

केंद्रानं महिनाभरात तिला काढून टाकलं. भूपालवर खटला उभा राहिला, पण वय आणि कबुली पाहून न्यायालयानं समज देऊन सोडलं आणि त्याचं लेथ-मिलिंग जप्त केलं. माणसं येऊन दोन्ही मशीनं उचलून घेऊन गेली तेव्हा तो शेडच्या दारात उभा होता. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं. सहाशे बारा जण आता चालू लागतील, असं तो मनाशी म्हणत होता.

ते चालू लागले नाहीत. कंपनीचं पत्र आलं ते सगळ्यांनाच आलं. घरी बसून एक माणूस नादखुणेची नक्कल करू शकतो हे या प्रकरणात सिद्ध झालंय, त्यात लिहिलं होतं. म्हणून जुन्या चालसाथमधला कुठला भाग खरा आणि कुठला खोटा, याची खात्री यापुढे देता येणार नाही. ग्राहकांच्या सुरक्षेसाठी ते मॉडेल कायमचं बंद करण्यात येत आहे. आधी तुटलेल्या गिअरपायी थांबवलेले पाय आता कबुलीपायी गेले होते.

भूपालनं पत्र राजमतीला वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. मग त्यानं मीनाक्षी कोरेचा नंबर मागून घेतला. एवढे दिवस त्याचं धाडस झालं नव्हतं.

"मी राजमतीचा नवरा बोलतोय," तो म्हणाला. "भूपाल मगदूम. तो गिअर माझा होता. पत्रात लिहिलंय तो माणूस मीच."

फोनवर वर्गाचा गलका येत होता. मागं कुठंतरी मुलं पाढे म्हणत होती. ती अजून शाळेत जात होती तर, चाकाच्या खुर्चीवरून.

"शिव्या द्या, बाई," तो म्हणाला. "ऐकून घ्यायलाच फोन केलाय."

"किती दिवस चालला?" तिनं विचारलं.

"काय?"

"तुमचा गिअर. किती दिवस चालला?"

भूपालनं पलंगाकडे पाहिलं. राजमती त्याच्याचकडे पाहत होती.

"चार महिने," तो म्हणाला. "चार महिने आणि अकरा दिवस."

"रोज चालत होत्या त्या?"

"रोज."

"टेकडी चढल्या म्हणे."

"चढली. दीडशे पायऱ्या."

पाढे म्हणणारी मुलं थांबली. कुणीतरी 'बाई' म्हणून हाक मारली.

"चार महिने," मीनाक्षी कोरे म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर भूपालला बरं वाटलं असतं. "तुमच्याकडं आता मशीनं नाहीत ना?"

"न्हाईत."

"असती तर मी आले असते," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.